चेल्टनहॅमच्या रेसकोर्सवर एक दिवस: जम्प रेसिंग पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर आपण ज्या शर्यती पाहतो त्या सपाट मैदानावरच्या, म्हणजे फ्लॅट. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याच्या जोडीला दुसरा एक प्रकार तितक्याच जोमाने चालतो, त्याला जम्प रेसिंग किंवा नॅशनल हंट म्हणतात. त्यात घोड्याला किमान दोन मैल, कधी चार मैलांहूनही थोडे अधिक, वाटेतले अडथळे उड्या मारून ओलांडत पळावे लागते. आज भारतात कोणत्याही मोठ्या रेसकोर्सवर हा प्रकार पाहायला मिळत नाही. म्हणून इंग्लंडमध्ये राहणाऱ्या किंवा तेथे फिरायला जाणाऱ्या मराठी माणसाने एक दिवस त्यासाठी राखून ठेवावा, आणि तो शक्यतो ग्लॉस्टरशायरमधील चेल्टनहॅमलाच घालवावा. लिव्हरपूलजवळच्या एंट्री (Aintree) रेसकोर्सवरची ग्रँड नॅशनल शर्यत जगभर अधिक ठाऊक असली, तरी जम्प रेसिंगमधील जाणकारांचे, मालकांचे आणि जॉकींचे मन चेल्टनहॅममध्येच गुंतलेले असते.

दिवस कोणता निवडावा

चेल्टनहॅम म्हटले की बहुतेकांना मार्च महिन्यातील फेस्टिवल आठवतो. मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस, रोज सात याप्रमाणे एकूण 28 शर्यती, मंगळवारी चॅम्पियन हर्डल, बुधवारी क्वीन मदर चॅम्पियन चेस, गुरुवारी स्टेअर्स हर्डल आणि शुक्रवारी गोल्ड कप, असा त्याचा थाट असतो. हे चार दिवसांचे स्वरूप 2005 पासूनचे आहे, त्याआधी फेस्टिवल तीन दिवसांचा होता. आयर्लंडमधून हजारो लोक समुद्र ओलांडून येतात, सेंट पॅट्रिकचा सण त्याच सुमारास असतो, आणि पहिल्या दिवशी पहिल्या शर्यतीचे घोडे सुटताच स्टँडमधून जी आरोळी उठते तिची रेसिंगच्या जगात मोठी ख्याती आहे.

तरीही पहिल्या भेटीसाठी मी फेस्टिवलचा सल्ला देणार नाही. पन्नास-साठ हजारांच्या गर्दीत नवख्या माणसाला घोडा दिसण्याऐवजी पुढच्याची टोपीच दिसते, तिकीट इतर दिवसांपेक्षा कित्येक पटींनी महाग असते, गावातील हॉटेलांचे दर आकाशाला भिडलेले असतात, आणि पॅडॉकच्या, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणाच्या, कठड्याशी जागा मिळवायची तर त्यापुढची शर्यत सोडावी लागते. जम्प रेसिंग समजून घेण्यासाठी मोकळेपणाने हिंडता येणे आवश्यक असते, आणि फेस्टिवलमध्ये नेमके तेच जमत नाही.

सुदैवाने चेल्टनहॅमचा मोसम ऑक्टोबरपासूनच सुरू होतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दोन दिवसांची बैठक, म्हणजे शर्यतींचा कार्यक्रम, होते. तेव्हा हवा अजून बरी असते आणि उन्हाळाभर विश्रांती घेतलेले घोडे मोसमात पहिल्यांदा उतरतात. नोव्हेंबरच्या मध्यास शुक्रवार ते रविवार अशी मोठी बैठक भरते. तेव्हा माहोल जवळजवळ फेस्टिवलसारखा असतो, पण श्वास घ्यायला जागा उरते. डिसेंबरमध्ये नाताळापूर्वीची बैठक, 1 जानेवारीला नववर्षदिनाच्या शर्यती, जानेवारीच्या अखेरीस फेस्टिवलची रंगीत तालीम मानला जाणारा ट्रायल्स डे, एप्रिलमध्ये दोन दिवस, आणि मे महिन्यात हौशी स्वारांच्या हंटर चेसची एक संध्याकाळ, अशी ही मालिका चालते. लहान मुले सोबत असतील तर ऑक्टोबर किंवा नववर्षदिन निवडावा. फेस्टिवल वगळता बहुतेक दिवशी अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्यांबरोबर विनामूल्य प्रवेश असतो, मात्र तिकीट काढताना त्या दिवसाचा नियम वाचून घ्यावा. रेसिंगची थोडीफार जाण असणाऱ्याने नोव्हेंबर किंवा ट्रायल्स डे गाठावा, कारण मार्चमध्ये ज्यांच्यावर सगळ्यांची नजर असेल त्यातले कित्येक घोडे त्या दिवशी हाताच्या अंतरावरून पाहायला मिळतात.

हिवाळ्यातील बैठकीला जायचे ठरवल्यास आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारच्या आत अंधारून येते, त्यामुळे पहिली शर्यत बाराच्या आसपास लागते आणि साडेतीनच्या सुमारास सगळे आटोपते. कडाक्याची थंडी पडून जमीन गोठली किंवा पावसाने मैदानात पाणी साचले, तर आख्खी बैठक रद्द होऊ शकते. सकाळी निघण्यापूर्वी मैदानाच्या पाहणीचा निकाल रेसकोर्सच्या संकेतस्थळावर पाहिल्याशिवाय गाडीत बसू नये.

तिकीट आणि एन्क्लोजर

रेसकोर्सवर प्रेक्षकांचे विभाग केलेले असतात. क्लब एन्क्लोजर सर्वांत महाग, टॅटरसॉल्स मधले, आणि मोठ्या दिवशी उघडले जाणारे बेस्ट मेट एन्क्लोजर सर्वांत स्वस्त. क्लबमधून विजयरेषा आणि तिच्याआधीची चढण अगदी समोर दिसते, शिवाय क्लबच्या तिकिटावर टॅटरसॉल्समध्येही फिरता येते. बेस्ट मेट धावपट्टीच्या पलीकडे, स्टँडच्या समोरच्या बाजूस आहे. तेथून घोडे जवळून दिसतात, पण पॅडॉककडे येता येत नाही, आणि माझ्या मते पॅडॉकवाचून हा दिवस अर्धाच राहतो. पहिल्या भेटीसाठी टॅटरसॉल्स पुरेसे आहे: पॅडॉक, बुकींची रांग, गाजलेल्या घोड्यांचे पुतळे आणि खाण्याचे स्टॉल हे सगळे त्यात येते. साध्या दिवशी आसनाचे वेगळे तिकीट काढण्यात अर्थ नाही, कारण दिवसभर एका जागी बसायचे नसते. घरातील वडीलधारी मंडळी बरोबर असल्यास मात्र एखाद्या रेस्टॉरंटमधील टेबलाचा विचार करावा. तिकीट आगाऊ, ऑनलाइन काढलेले स्वस्त पडते.

पोहोचणे

लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून चेल्टनहॅम स्पा स्थानकापर्यंत थेट गाडीने साधारण दोन तास लागतात. थेट गाडी नसेल तेव्हा स्विंडन किंवा ब्रिस्टल पार्कवे येथे बदलावी लागते. बर्मिंगहॅमहून हे अंतर पाऊण तासाच्या आसपास आहे. स्थानक गावाच्या पश्चिमेला आणि रेसकोर्स उत्तरेला, त्यामुळे दोहोंत सुमारे अडीच मैलांचे अंतर पडते. शर्यतीच्या दिवशी स्थानकावरून खास बस सुटतात. गावाच्या मध्यभागातून चालत गेल्यास अर्धा तास लागतो, आणि ती वाट गर्दीबरोबर चालण्यात मजा आहे. ट्वीडचे कोट घातलेले म्हातारे, वर्तमानपत्रात तोंड खुपसून चालणारे पंटर, म्हणजे पैज लावणारे, आणि कॉलेजच्या पोरांची टोळकी यांच्या बोलण्यातूनच दिवसाची अर्धी खबर मिळते. मोटारीने येणाऱ्यांनी एम-5 महामार्ग सोडल्यावर फलकांमागे जावे. फेस्टिवलच्या आठवड्यात मात्र मोटार हा त्रासच ठरतो.

रेसकोर्सला लागूनच चेल्टनहॅम रेसकोर्स नावाचे छोटे रेल्वेस्थानक आहे. ते मुख्य मार्गावर नसून स्वयंसेवकांनी जिवंत ठेवलेल्या वाफेच्या इंजिनांच्या हौशी रेल्वेचे आहे. ब्रॉडवे गावापर्यंत जाणाऱ्या या मार्गावर काही शर्यतींच्या दिवशी गाड्या सोडतात. आसपासच्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या प्रदेशातील गावांमध्ये मुक्काम असेल आणि वेळापत्रक जुळत असेल, तर हा प्रवास अवश्य करावा.

पहिल्या शर्यतीच्या निदान दीड तास आधी दारात असावे. पोशाखाचे बंधन नाही. फेस्टिवलला लोक नटूनथटून येतात, पण इतर दिवशी ऊब आणि पादत्राणे या दोनच गोष्टी महत्त्वाच्या. शेजारच्या क्लीव्ह हिल या टेकडीवरून येणारा वारा अंगात शिरतो, गवत ओले असते, आणि उंच टाचांची दैना होते. साडी नेसून जाण्यास काहीच हरकत नाही, फक्त वर लांब कोट आणि खाली बूट असावेत. दुर्बीण असल्यास न्यावी. शाकाहारी माणसाला चिप्स, भाजीची पाय आणि पिझ्झा यांवर भागवावे लागते. बाहेरून मद्य नेता येत नाही. बार आणि स्टॉलवर कार्ड चालते, बुकींसाठी थोडे रोख पौंड जवळ असलेले बरे.

रेसकार्ड वाचणे

मुंबईत ज्याला रेसबुक म्हणतात ते येथे रेसकार्ड. दारातच ते विकत मिळते, आणि पहिली शर्यत लागेपर्यंत एका कोपऱ्यात उभे राहून दहा मिनिटे ते चाळणे हा दिवसातील सर्वांत फायद्याचा वेळ आहे.

प्रथम शर्यतीचा प्रकार पाहावा. ‘हर्डल’ असेल तर अडथळे किमान साडेतीन फुटांचे, लाकडी चौकटीत काड्या विणलेले आणि घोड्याचा पाय लागला तर मागे झुकणारे असतात. ‘चेस’ म्हणजे स्टीपलचेस असेल तर अडथळे, ज्यांना फेन्स म्हणतात, किमान साडेचार फुटांचे, बर्चच्या काटक्या घट्ट आवळून बांधलेले आणि चूक सहजी माफ न करणारे असतात. काही फेन्सच्या अलीकडे चर असतो. बहुतेक घोडे आधी एक-दोन मोसम हर्डलवर घालवतात आणि मग चेसकडे वळतात. ‘नॉव्हिस’ शब्द दिसला की त्या प्रकारात नव्याने उतरलेले घोडे आहेत असे समजावे. ‘बंपर’मध्ये अडथळेच नसतात, ती उद्याच्या जम्परांची सपाटीवरची पहिली परीक्षा असते.

मग वजन. कार्डावर ते स्टोन आणि पौंडांत असते, एक स्टोन म्हणजे 14 पौंड. महालक्ष्मीला घोडे साधारण 50 ते 60 किलो वाहतात, तर चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये प्रत्येक घोड्यावर 11 स्टोन 10 पौंड, म्हणजे 74 किलोंहून थोडे अधिक वजन असते आणि घोडी असेल तर तिला 7 पौंडांची सूट मिळते. जॉकीही त्यामुळे उंच, रुंद खांद्यांचे दिसतात. हँडिकॅप शर्यतीत मात्र चांगल्या घोड्याला जास्त आणि उण्या घोड्याला कमी वजन देऊन सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. अशा शर्यतीत पैज जिंकणे अवघड, पण पाहायला बहार येते.

घोड्याच्या नावाशेजारी अंक आणि अक्षरांची जी माळ असते ती त्याची आजवरची कामगिरी. सर्वांत उजवीकडचे चिन्ह सर्वांत ताजे, आणि मधली आडवी रेघ मोसम बदलल्याची खूण. अंक म्हणजे क्रमांक. ‘एफ’ असेल तर घोडा पडला होता, ‘यू’ असेल तर घोडा उभा राहिला पण जॉकी खाली आला, ‘बी’ म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हा आडवा झाला, आणि ‘पी’ म्हणजे दमलेल्या किंवा बिनसलेल्या घोड्याला जॉकीने मध्येच थांबवले. ‘सी’ आणि ‘डी’ ही अक्षरे त्याने अनुक्रमे याच रेसकोर्सवर आणि याच अंतरावर विजय मिळवल्याचे सांगतात. चेल्टनहॅममध्ये मी ‘सी’ला फार किंमत देतो. हा कोर्स डावखुरा, म्हणजे डावीकडे वळत जाणारा, आणि चढउतारांचा आहे, उतारावर वेगात फेन्स ओलांडायची हिंमत लागते आणि शेवटी चढण चढायचा दम लागतो. सपाट कोर्सवर मर्दुमकी गाजवलेले कित्येक घोडे येथे नांगी टाकतात.

घोड्यांची वयेही पाहावीत. फ्लॅटचे तारे तीन-चार वर्षांचे असतानाच पैदाशीसाठी निवृत्त होतात. जम्पर मात्र बहुतांशी खच्ची केलेले असल्याने पैदाशीचा प्रश्न नसतो, आणि ते दहा-अकरा वर्षांचे होईपर्यंत दर हिवाळ्यात परत येत राहतात. इथल्या प्रेक्षकांचा घोड्यांवर जो घरच्यासारखा जीव असतो त्याचे मूळ यात आहे. गोल्डन मिलर या घोड्याने 1932 ते 1936 अशी सलग पाच वर्षे गोल्ड कप जिंकला, आणि 1934 मध्ये त्याच हंगामात ग्रँड नॅशनलही मारली. हा दुहेरी पराक्रम एकाच वर्षात त्याच्याखेरीज कोणालाही साधलेला नाही. 1964, 1965 आणि 1966 असा सलग तीनदा गोल्ड कप जिंकणारा आयरिश घोडा आर्कल याचा पुतळा, तसेच गोल्डन मिलर, डॉन रन आणि बेस्ट मेट यांचेही पुतळे आवारात आहेत. शर्यती सुरू होण्याआधी ते पाहून घ्यावेत, नंतर वेळ मिळत नाही.

एका शर्यतीची पस्तीस मिनिटे

दोन शर्यतींमध्ये साधारण पस्तीस मिनिटे असतात. त्यांचा क्रम एकदा अंगवळणी पडला की बाकीचा दिवस आपोआप मार्गी लागतो.

पहिली पंधरा मिनिटे पॅडॉकची. चेल्टनहॅमचा पॅडॉक, ज्याला येथे परेड रिंग म्हणतात, स्टँडच्या मागे आहे आणि त्याच्याभोवती प्रेक्षकांसाठी चढत्या पायऱ्या आहेत. पायऱ्यांवर वर उभे राहिल्यास सगळे दिसते, पण निदान एकदा खाली कठड्याला टेकून उभे राहावे. मोतद्दार लगाम धरून घोडा फिरवत असतो, पाच-सहा फुटांवरून पाचशे किलोंचे जनावर जाते, कातडीखाली शिरा उठलेल्या असतात, आणि खोगिराखालच्या कापडावरचा क्रमांक वाचता वाचता त्याच्या उष्ण श्वासाची वाफ दिसते. काय पाहावे? पुठ्ठे भरलेले आहेत का, कांती तुकतुकीत आहे का, मान सैल आणि कान टवकारलेले आहेत का. मांड्यांमध्ये घामाचा पांढरा फेस आला असेल, घोडा बाजूला उड्या मारत असेल आणि मोतद्दाराला दोन्ही हातांनी आवरावा लागत असेल, तर त्याची शक्ती तेथेच खर्च होते आहे असे समजावे. काही घोडे स्वभावाने असेच असतात हेही खरे, म्हणून एका खुणेवर फार विसंबू नये. घंटा झाली की जॉकी चढतात आणि घोडे स्टँडच्या मधल्या वाटेने धावपट्टीवर उतरतात.

मधली दहा मिनिटे बुकींच्या रांगेसाठी राखावीत, त्याविषयी पुढे सांगितले आहे. उरलेल्या वेळात आपली जागा गाठावी, आणि ती जागा प्रत्येक शर्यतीला बदलावी. एक शर्यत स्टँडच्या वरच्या पायरीवरून पाहावी. तेथून संपूर्ण कोर्स आणि मागे क्लीव्ह हिल असा देखावा समोर असतो, आणि घोड्यांचा कळप पलीकडच्या बाजूला रंगीत ठिपक्यांसारखा सरकताना दिसतो. तेथे कोण कोठे आहे ते मोठ्या पडद्यावर आणि निवेदकाच्या आवाजावरून समजते.

सुरुवात फ्लॅटपेक्षा वेगळी असते. येथे लोखंडी गेट नसतात. घोडे एका आडव्या पट्ट्यापुढे चालत येतात आणि स्टार्टरने इशारा केला की पट्टा उडतो. पुढे जाण्याची घाई झालेल्या जॉकींना परत फिरवले जाते, त्यामुळे सुरुवात कधीकधी दोनदा-तीनदा होते.

दुसरी शर्यत मात्र फेन्सजवळच्या कठड्याशी उभे राहून पाहावी. जम्प रेसिंगचा सगळा अर्थ तेथेच कळतो, टीव्हीवर तो येत नाही. आधी काहीच नसते, मग जमिनीतून टापांचा धडधडाट पायांत जाणवू लागतो. आठ-दहा घोडे जवळ येतात तसे जॉकींचे ओरडणे ऐकू येते, कोणी घोड्याला आवाज देतो, कोणी शेजाऱ्याला जागा मागतो. उडीच्या क्षणी एकदम शांतता होते, आणि लगेच बर्चच्या काटक्या खरवडल्याचा कर्रर्र आवाज, खोगिरांचा करकराट, मातीची ढेकळे उडणे. तीन-चार सेकंदांत सगळे पुढे निघून गेलेले असते. फेन्समधून उडालेल्या काटक्या गवतावर पडलेल्या दिसतात, आणि पुढच्या फेरीपूर्वी मैदानाचे कामगार त्या उचलून खड्डे बुजवायला धावतात. चांगला जम्पर अडथळ्यापूर्वी आपली पावले स्वतःच मोजतो आणि फार उंच न उडता सपाट, लांब झेप घेऊन घोड्याच्या एक-दोन लांबीइतके अंतर कमावतो. हे एकदा जवळून पाहिले की पुढच्या शर्यतीत दुरूनही ओळखता येते.

हिवाळ्यात सूर्य खाली असताना काही वेळा एखादी फेन्स वगळली जाते, कारण समोरून ऊन डोळ्यांवर आल्यास घोड्याला आणि जॉकीला अडथळ्याचा अंदाज येत नाही. घोडे बाजूने गेले तर गोंधळून जाऊ नये.

तिसऱ्या शर्यतीला शेवटच्या फेन्सपासून विजयरेषेपर्यंतची चढण समोर येईल असे उभे राहावे. चेल्टनहॅमच्या निम्म्या आठवणी या चढणीवर घडलेल्या आहेत. 1986 च्या गोल्ड कपमध्ये डॉन रन ही घोडी शेवटच्या फेन्सनंतर मागे पडली होती, तरी चढणीवर जोर मारून तिने शर्यत काढली. 1984 ची चॅम्पियन हर्डल तिने आधीच जिंकली होती, आणि या दोन्ही शर्यती जिंकणारा दुसरा घोडा आजतागायत झालेला नाही. 2022 मध्ये याच चढणीवर रेचल ब्लॅकमोरने आ प्लू तार या घोड्यावर गोल्ड कप जिंकला, आणि तो जिंकणारी ती पहिली महिला जॉकी ठरली. नोव्हेंबर किंवा डिसेंबरमध्ये गेलात आणि कार्डावर क्रॉस-कंट्री चेस असेल, तर शक्य झाल्यास कोर्सच्या मध्यभागी जावे. झुडपे, मातीचे बांध आणि वेडीवाकडी वळणे यांतून वाट काढणारी ही शर्यत प्रेक्षकांच्या अगदी अंगावरून जाते.

शर्यत संपताच गर्दी बारकडे वळते, तेव्हा आपण पॅडॉककडे परतावे. जिंकलेला घोडा तेथेच आणतात, अंगावर पाणी ओततात, वाफा निघत असतात, मालकमंडळी एकमेकांना मिठ्या मारत असतात. दहा मिनिटांत पुढच्या शर्यतीचे घोडे फिरू लागतात.

पैज लावायची झाली तर

पैजेवाचूनही दिवस पुरा होतो हे आधी सांगितले पाहिजे. लावायचीच असेल तर घरून निघताना रक्कम ठरवावी आणि ती गेली असे समजूनच खिशात ठेवावी. वयाची अट अठरा आहे.

चेल्टनहॅमच्या बुकींची रांग हा स्वतंत्र तमाशा आहे. प्रत्येकाच्या फलकावर घोड्यांची नावे आणि दर असतात, ते मिनिटामिनिटाला बदलतात, म्हणून पहिल्याच बुकीला पैसे न देता पाच-सहा फलक पाहून जास्त दराचा बुकी गाठावा. 5/1 म्हणजे एका पौंडावर पाच पौंड नफा, वर मूळ पौंड परत. 1/2 म्हणजे दोन पौंड लावल्यास एक पौंड नफा. घोड्याचा क्रमांक आणि रक्कम सांगायची, बुकी छापील चिठ्ठी देतो, ती सांभाळून ठेवायची.

नवख्या माणसासाठी ‘ईच-वे’ पैज बरी. तिचे दोन भाग असतात, एक घोडा पहिला येण्यावर आणि दुसरा तो पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर, त्यामुळे पाच पौंड ईच-वे म्हटले की दहा पौंड मोजावे लागतात. समजा आठ किंवा अधिक घोड्यांच्या साध्या शर्यतीत 10/1 च्या घोड्यावर अशी पैज लावली. घोडा पहिला आला तर पहिल्या भागाचे 55 आणि दुसऱ्या भागाचे, एक पंचमांश दराने, 15 असे 70 पौंड हाती येतात. तो दुसरा किंवा तिसरा आला तर केवळ 15, म्हणजे पाच पौंडांचा फायदा. किती क्रमांकांपर्यंत आणि कोणत्या अपूर्णांकाने पैसे मिळतात ते घोड्यांच्या संख्येवर आणि शर्यतीच्या प्रकारावर बदलते, म्हणून विचारून घ्यावे. टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र जमवून जिंकणाऱ्यांत वाटणाऱ्या पैजेवर, खेळण्याची सवय असलेल्यांना येथेही टोटच्या खिडक्या मिळतील. त्यातला प्लेसपॉट, म्हणजे पहिल्या सहा शर्यतींत प्रत्येकी एक ‘प्लेस’ येणारा घोडा ओळखणे, एक-दोन पौंडांत दुपारभर उत्सुकता टिकवतो. भारतातील पंटरांना जीएसटीचा बोजा ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये पैज लावणाऱ्याकडून कर घेणे 2001 मध्ये बंद झाले.

जिंकल्याच्या आनंदात लगेच बुकीकडे धावू नये. जॉकींचे वजन पुन्हा होऊन ‘वेड इन’ अशी घोषणा झाल्यावरच पैसे मिळतात. पंचांची चौकशी लागली तर निकाल बदलू शकतो, म्हणून हरलेली चिठ्ठीही तोपर्यंत फेकू नये.

पडणे आणि इजा

सोबत मुले असतील तर याविषयी घरीच बोलून ठेवावे. प्रत्येक बैठकीत काही घोडे पडतात. बहुतेक लगेच उठून मोकळ्या लगामाने इतरांबरोबर पळू लागतात, जॉकीही अंग झटकून उठतो. पण कधी घोडा उठत नाही, त्याच्याभोवती हिरव्या पडद्यांचा आडोसा उभा केला जातो, आणि काही वेळा तो वाचत नाही. घोड्यांमागून पशुवैद्यांच्या आणि डॉक्टरांच्या गाड्या सतत धावत असतात. धोका कमी करण्याचे प्रयत्न चालू आहेत: अडथळ्यांवरील केशरी पट्ट्या घोड्यांच्या डोळ्यांना नीट दिसत नाहीत असे अभ्यासातून आढळल्यावर 2022 पासून त्या पांढऱ्या करण्यास सुरुवात झाली, आणि जम्प शर्यतीत जॉकीने चाबूक सातपेक्षा जास्त वेळा वापरला तर त्याच्यावर कारवाई होते. तरीही हा खेळ निर्धोक नाही. ज्यांना हे पाहवणार नाही त्यांनी पॅडॉकमध्ये रमावे किंवा दिवसाचा बेतच बदलावा, त्यात कमीपणा नाही.

परतताना

शेवटची शर्यत संपताच सगळे एकदम बससाठी रांगेत उभे राहतात. घाई नसेल तर अर्धा तास आवारातच काढावा किंवा गावात चालत जाऊन जेवण उरकावे आणि उशिराची गाडी पकडावी. परतीचे तिकीट ठरावीक गाडीचे काढू नये, कारण निकालाच्या चौकशीने किंवा उशिराने सुटलेल्या शर्यतीने वेळापत्रक सहज वीस मिनिटे पुढे सरकते.

मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी क्लीव्ह हिल चढावी. 330 मीटर उंचीची ही जागा कॉट्सवोल्ड्समधील सर्वांत उंच आहे, सह्याद्री पायाखाली घातलेल्यांना ती टेकाडासारखी वाटेल. चेल्टनहॅमच्या सुरुवातीच्या काळातील शर्यती 1818 पासून येथेच वर होत असत. फ्रान्सिस क्लोज नावाच्या स्थानिक धर्मगुरूने जुगार आणि दारूविरुद्ध इतकी जहाल प्रवचने दिली की 1829 मध्ये लोकांनी शर्यतींवर दगड-बाटल्या फेकल्या आणि पुढच्या वर्षी स्टँड जाळला गेला. त्यानंतर शर्यती खाली प्रेस्टबरी पार्कमध्ये, आजच्या जागी, हलवल्या गेल्या. माथ्यावरून तो संपूर्ण कोर्स नकाशासारखा दिसतो, आदल्या दिवशी कोणत्या फेन्सजवळ उभे होतो ते शोधता येते, आणि ती शेवटची चढण स्टँडवरून वाटते त्याहून किती लांब आहे तेही समजते. एवढे झाल्यावर ज्यांना फेस्टिवलची ओढ लागेल त्यांनी मार्चसाठी मंगळवार निवडावा. गोल्ड कपच्या शुक्रवारपेक्षा त्या दिवशी शर्यतींचा दर्जा तिळमात्र कमी नसतो, आणि ती गाजलेली आरोळीही त्याच दिवशी ऐकायला मिळते. मात्र तिकीट आणि खोली ही दोन्ही आदल्या उन्हाळ्यातच पक्की करावीत.